दुसरी आई आणि पुरलेली छायाचित्रे

झुंपा लाहिरी यांची ‘इयर्स एंड’ ही कथा वाचून संपते तेव्हा बहुतेक वाचक कौशिकच्या बाजूने उभे असतात. ते स्वाभाविकही आहे. कथेचा निवेदक तोच, आई गमावलेला मुलगा तोच, आणि जे घर आईने पसंत केले त्याच घरात वडिलांनी दुसरी पत्नी आणल्याचे दुःख सोसणाराही तोच. आईवेगळ्या मुलाविषयी आपल्या मनात असणारी कणव इतकी जुनी आणि इतकी तयार असते, की तिला जागे करायला लेखकाला फारसे कष्ट पडत नाहीत. आमचे म्हणणे असे, की ही कथा त्या कणवेवर विसंबून राहिलेली नाही. तिने त्या कणवेचीच झडती घेतली आहे, आणि त्या झडतीत जे सापडते ते फारसे सुखद नाही.

ही कथा ‘अनअकस्टम्ड अर्थ’ या २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहातली. संग्रहात एकूण आठ कथा आहेत. त्यांतल्या शेवटच्या तीन कथा हेमा आणि कौशिक या दोन बंगाली मुलांच्या आयुष्यातून ओवलेल्या आहेत आणि ‘इयर्स एंड’ ही त्यांतली मधली. संग्रहाचे नाव नॅथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ या कादंबरीच्या प्रास्ताविकातून घेतलेले आहे. एकाच जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या रुजत राहिले की माणसाचे पीक बटाट्यासारखे खुरटते, तेव्हा मुलांनी परक्या मातीत मुळे धरावीत, असा तिथला आशय आहे. स्थलांतरितांच्या कथांना हे नाव शोभून दिसते, म्हणून समीक्षक मुळांविषयी, रुजण्याविषयी पुष्कळ बोलतात. पण या संग्रहात माती केवळ रूपक म्हणून येत नाही. त्यातली माणसे खरोखरच जमीन उकरतात आणि तिच्यात काही ना काही ठेवतात. या वस्तूंकडे आम्हांला वाचकाचे लक्ष वेधायचे आहे. मात्र त्याआधी कौशिकच्या आईची ओळख करून घेतली पाहिजे.

पारुल आणि तिचे पती हे चौधुरी दांपत्य १९७४ साली मॅसॅच्युसेट्समधले केंब्रिज सोडून भारतात परतते, तेही कोलकात्याला नव्हे तर मुंबईला. कौशिकचे शाळकरी वय मुंबईत जाते. सात वर्षांनी हे कुटुंब पुन्हा अमेरिकेत येते आणि घर मिळेपर्यंत हेमाच्या आईवडिलांकडे उतरते. तोवर पारुल बदललेली असते. केस आखूड, हातात सिगारेट, संध्याकाळी व्हिस्कीचा पेला. हेमाच्या आईचा शेरा असा, की केंब्रिजने जितके अमेरिकन केले नव्हते तितके यांना मुंबईने केले. (मुंबईकर वाचकाने हा शेरा गौरव म्हणून घ्यायचा की आरोप म्हणून, ते त्याचे त्याने ठरवावे.) परतण्याचे खरे कारण मात्र हेमाच्या घरी कोणालाच ठाऊक नसते. पारुलला स्तनाचा कर्करोग झालेला आहे. आपला ऱ्हास आईबापांनी, नातेवाइकांनी डोळ्यांदेखत पाहावा, त्यांच्या काळजीच्या गर्दीत आपण गुदमरावे, हे तिला नको आहे. तिने परकी भूमी निवडली ती जगण्यासाठी नव्हे, तर शांतपणे मरता यावे म्हणून. स्थलांतराविषयी जे काही लिहिले जाते त्यात संधी, पैसा, शिक्षण या कारणांची यादी असते. हे कारण आम्ही तरी अन्यत्र वाचलेले नाही.

या निवडीची किंमत पुढे मुलाला मोजावी लागते. कोलकात्याच्या घरात मृत्यू आला असता तर दुःखाला ठरलेले आकार मिळाले असते. सुतक पाळले गेले असते, श्राद्ध झाले असते, भिंतीवर हार घातलेले छायाचित्र लागले असते. मावश्या, आत्या येऊन रडल्या असत्या आणि त्यांच्या रडण्याचा कंटाळा येऊन मुलाला स्वतःचे रडू आवरता आले असते. विधी बुद्धीला पटोत न पटोत, ते शोकाला तारीख देतात. लाहिरींना हे पुरेपूर ठाऊक आहे. ‘द नेमसेक’ (२००३) या कादंबरीत अशोक गांगुलीच्या मृत्यूनंतर अशिमा आणि तिची मुले दहा दिवस सुतकाचे जेवण जेवतात. अमेरिकेत वाढलेल्या गोगोलला त्या निरस जेवणातच पहिल्यांदा काही आधार मिळतो. कौशिकला असे काही लाभत नाही. आईने ती गर्दीच नाकारलेली असते. जंगलात बर्फाखाली गाडल्या गेलेल्या, कुणा एका कुटुंबाच्या जुन्या कबरी तो हेमाला दाखवतो आणि म्हणतो, की आपण हिंदू नसतो तर बरे झाले असते. आईला कुठेतरी पुरता आले असते. तिने मात्र आपली राख अटलांटिकमध्ये सोडण्याचे वचन घेतलेले आहे. सोळा वर्षांच्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य वाचक सहज विसरतो, लेखिका मात्र ते विसरत नाही.

‘इयर्स एंड’ सुरू होते ती वडिलांच्या दूरध्वनीने. कौशिक आता कॉलेजात शिकतो आहे, आईला जाऊन तीनेक वर्षे झाली आहेत, आणि वडील सांगतात की आपण कोलकात्यात लग्न केले. चित्रा नावाची शिक्षिका, विधवा, वडिलांहून बरीच लहान. तिला रूपा आणि पिऊ या दहा आणि सात वर्षांच्या दोन मुली. विचारले नाही, केवळ कळवले. वडिलांचे समर्थन साधे आहे : रोज रात्री रिकाम्या घरी येण्याचा कंटाळा आला. या वाक्यात आम्हांला काहीही हीन दिसत नाही. पण कौशिकला प्रेमासाठी केलेला विवाह अधिक लागला असता की सोबतीसाठी केलेला, हे त्याचे त्यालाच ठरवता येत नाही. लाहिरींची ताकद अशा ठिकाणी दिसते. पर्याय दोनच आहेत, दोन्हींनी आई दुखावली जाते, आणि दुखावली जायला आई तर उरलेलीच नाही.

नाताळच्या सुट्टीत तो घरी येतो तेव्हा घरात वाटी-वाटीने वाढलेले बंगाली जेवण आहे, वाढणारी बाई साडी नेसलेली आहे, तिच्या भांगात सिंदूर आहे. पारुलने मुंबईत आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ज्या बंगालपासून हळूहळू अंग काढून घेतले, तो बंगाल चित्रा सामानासकट घेऊन आली आहे. हे वरवरचे निरीक्षण नव्हे. सावत्र आईच्या कथांमध्ये नवी बाई जुन्या घराला परकी असते. इथे ती कौशिकला परकी वाटते याचे कारण ती अतिपरिचित आहे. त्याच्या आईने जी होण्याचे नाकारले नेमकी तीच ही बाई. चित्राला नाकारताना आपण आईची बाजू घेतो आहोत, असे त्याला वाटत असणार. त्यात तथ्य आहे, पण त्यात वर्गाचा आणि ‘सुधारलेपणा’चा माजही मिसळलेला आहे. पुढे जे घडते त्यात तो माज उघडा पडतो.

चित्रा विधवा आहे, याकडे कथा मुद्दाम बोट दाखवत नाही. वाचकाने मात्र थोडे थांबायला हवे. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या प्रयत्नांतून १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला. विद्यासागरांचे विधवाविवाहावरील पुस्तक विष्णुशास्त्री पंडितांनी मराठीत आणले आणि आपल्याकडच्या वादालाही तिथूनच बळ मिळाले. पण बंगाली कादंबरीने पुनर्विवाहित किंवा प्रेमात पडलेल्या विधवेला दीर्घकाळ सुखाने नांदू दिले नाही. बंकिमचंद्रांच्या ‘विषवृक्ष’मधली कुंदनंदिनी लग्नानंतर विष घेते. रवींद्रनाथांच्या ‘चोखेर बाली’मधली (१९०३) बिनोदिनी समोरून आलेली लग्नाची मागणी नाकारून काशीची वाट धरते. या परंपरेचे वाचन मनात ठेवून ‘इयर्स एंड’ वाचली की एक विलक्षण गोष्ट जाणवते. दोन मुलींची आई असलेली बंगाली विधवा लग्न करते आणि पुनर्विवाह हा वादाचा विषयच राहिलेला नसतो. त्या दृष्टीने विद्यासागर जिंकले. तिला नाकारतो तो अमेरिकेत शिकणारा, उदारमतवादी वातावरणात वाढलेला, विशीतला तरुण, आणि त्याच्यापाशी धर्मशास्त्राचा एकही श्लोक नाही. आईच्या आठवणीचे पावित्र्य एवढेच त्याचे शास्त्र.

विधुराचे आणि विधवेचे माप वेगळे असते हेही इथे बोलून टाकावे. न्यायमूर्ती रानडे विधवाविवाहाच्या चळवळीत होते. तरी १८७३ साली पहिली पत्नी वारल्यावर वडिलांच्या आग्रहाखातर त्याच वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. विधुराचे घर रिकामे राहू नये याची काळजी समाज नेहमीच तत्परतेने घेत आला. लाहिरींच्या कथाविश्वातही हे माप पुरते बदललेले नाही. कौशिकचे वडील लग्न करतात. अशिमा गांगुली मात्र घर विकून सहा महिने भारतात आणि सहा महिने अमेरिकेत राहायचे ठरवते. तिच्या पुनर्विवाहाचा विचार कादंबरीतल्या कोणाच्याही मनाला शिवत नाही.

आता कथेच्या मर्माकडे. रूपा आणि पिऊ कौशिकला आवडू लागतात. तो त्यांना गाडीतून डोनट खायला नेतो, त्यांच्याशी बंगालीत बोलतो. त्यांनीही आपल्यासारखेच जन्मदात्यांपैकी एकाला गमावले आहे आणि बदली माणूस स्वीकारण्याची अपेक्षा त्यांच्याकडूनही केली जात आहे, हे त्याला कळते. वाचकाला वाटते, मोठ्यांनी न सांधलेले हे घर मुलेच सांधतील. मग वर्षअखेरीच्या रात्री वडील आणि चित्रा एका मेजवानीला जातात. कौशिक घरी परततो तेव्हा मुलींनी कपाटातले खोके उघडून त्याच्या आईची छायाचित्रे जमिनीवर मांडलेली असतात. आईच्या मृत्यूनंतर वडिलांनी ती सगळी घरातून वेचून बंद करून ठेवलेली. मुली काय करत होत्या? एक सुंदर बाई पाहत होत्या. ज्या बाईच्या घरात आपण राहतो, जिच्याविषयी कोणीही आपल्याशी बोलत नाही, ती कशी होती हे जाणून घेत होत्या. आमच्या मते त्या घरात पारुलचे स्मरण त्या रात्री प्रथमच उघडपणे होत होते, आणि ते करणारी मुले परकी होती.

कौशिक संतापतो. तुमची आई माझ्या आईपुढे काहीच नाही, ती वडिलांचे कपडे धुवायला आणि स्वयंपाक करायला आणलेली मोलकरीण आहे, तेवढ्यासाठीच तुम्ही इथे आहात, अशा आशयाचे तो त्या मुलींना सुनावतो. मग खोके उचलून, रात्रीच्या वेळी त्या दोघींना घरात एकट्या टाकून निघून जातो.

सावत्रपणाची आपली आद्यकथा ध्रुवाची. बापाच्या मांडीवर चढू पाहणाऱ्या बाळाला सुरुची ढकलते आणि ते बाळ वनात जाते. शतकानुशतके आपण सुरुचीला दोष देत आलो आणि सावत्र आई म्हटली की तीच डोळ्यांसमोर आणत आलो. लाहिरींच्या कथेत बापाच्या घरात जागा शोधणारी बाळे रूपा आणि पिऊ आहेत, आणि त्यांना ढकलणारा थोरला मुलगा आहे. वनात, म्हणजे उत्तरेकडे मेनच्या किनाऱ्याने, जातोही तोच. आईवेगळे मूल हेच सुरुची होऊ शकते, हा उलटा फेर कथेने एकही शब्द न चढवता साधला आहे. आम्हांला वाटते, ‘इयर्स एंड’ची गणना लाहिरींच्या थोर कथांमध्ये व्हावी ती यासाठी.

या प्रवासात एके ठिकाणी, समुद्र दिसणाऱ्या जागी, कौशिक जमीन उकरतो आणि आईची छायाचित्रे पुरतो. जंगलातल्या कबरींपाशी त्याने व्यक्त केलेली इच्छा अशी पूर्ण होते. आईला अखेर एक जागा मिळते. पण ती जागा फक्त त्याला ठाऊक आहे. ती छायाचित्रे वडिलांचीही होती, पारुलच्या कोलकात्यातल्या माणसांचीही होती. शोकाच्या नावाखाली त्याने सर्वांचा वाटा स्वतःकडे घेतला आणि मातीआड केला. विधीत शोक वाटला जातो. विधी नसला की तो मालमत्तेसारखा एकाच्या मुठीत राहतो, असे आम्ही म्हणतो ते यामुळे. पुढे हाच माणूस छायाचित्रकार पत्रकार होतो आणि देशोदेशींच्या युद्धांत इतरांच्या मृतांची चित्रे टिपत हिंडतो. ‘गोइंग अशोअर’ या शेवटच्या कथेत, २००४ च्या डिसेंबरात थायलंडच्या किनाऱ्यावर, तो पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या मनात पुन्हा आई असते. तिला पोहायला फार आवडे. आपण भीत नाही, हे त्याला तिला दाखवायचे असते.

आणखी एक गोष्ट वाचकाच्या नजरेतून निसटू नये. कौशिक हे सारे हेमाला उद्देशून सांगतो आहे. निवेदन म्हणजे एक प्रकारचा कबुलीजबाब आहे. पण तो चुकीच्या पत्त्यावर गेलेला कबुलीजबाब आहे. ज्यांची क्षमा मागायला हवी होती त्या दोघींना तो कधीच काही सांगत नाही. त्या मात्र त्या रात्रीची हकीकत घरात कोणालाही सांगत नाहीत. दहा आणि सात वर्षांच्या मुली, आपण कोणाच्या दयेवर या घरात राहतो ते एका रात्रीत शिकतात आणि तोंड मिटतात. त्यांचे हे मौन कथेत दोन-तीन ओळींत उरकले आहे. आम्हांला ते कौशिकच्या सगळ्या भटकंतीहून जड वाटते.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो पोकळ नाही. चित्रा कथेत फारच थोडी आहे. ती रांधते, वाढते, बुजते, प्रेमाने चार शब्द बोलते. तिचा पहिला नवरा तिच्या मनात कुठे आहे, अपरिचित देशातल्या त्या एकाकी आधुनिक घरात ती दुपारी काय करते, मुलींना ती रात्री काय सांगून निजवते, याचा पत्ता लागत नाही. निवेदकाला ती दिसत नाही म्हणून आपल्यालाही दिसत नाही, हा बचाव कलेच्या दृष्टीने योग्य आहे. तरीही लेखिकेने तिला आणखी एखादे दार उघडून द्यायला हवे होते असे आम्हांला वाटत राहते, कारण याच संग्रहाच्या पहिल्या कथेत तिने एका विधवेला पूर्ण भूतकाळ दिलेला आहे.

त्या कथेचे नावही ‘अनअकस्टम्ड अर्थ’. रुमा सिएटलला राहते, तिला तीन वर्षांचा आकाश हा मुलगा आहे, दुसरे मूल होणार आहे. आई शस्त्रक्रियेच्या वेळी अचानक गेलेली. निवृत्त वडील युरोपच्या सहली करतात आणि एका सहलीत त्यांची मिसेस बागचींशी ओळख होते. या बाई लग्नानंतर दोनच वर्षांनी विधवा झाल्या, अमेरिकेत आल्या, न्यूयॉर्कजवळच्या स्टोनी ब्रुक इथे संख्याशास्त्र शिकवतात. पुन्हा लग्न करणार नाही, कोणा पुरुषासोबत एका घरात राहणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलेले आहे. तेव्हा विवाह नाही, घर नाही, स्वयंपाकघर नाही. फक्त सहलीतली सोबत. वडिलांना ते मान्य आहे, किंबहुना तेच हवे आहे. आयुष्यभर संसाराचा भार वाहिलेल्या माणसाला पुन्हा कोणाच्या घरात, लेकीच्याही, अडकायचे नाही. आपल्याकडे वृद्ध विधुर बाप लेकीच्या गळ्यात पडतो अशा पुष्कळ गोष्टी लिहिल्या गेल्या; इथे लेक बापाला थांबवू पाहते आणि तो हळुवारपणे नाही म्हणतो.

कौशिकच्या वडिलांनी सांगून टाकले, रुमाचे वडील सांगू शकत नाहीत. लेकीला काय वाटेल या संकोचाने ते मिसेस बागचींना लिहिलेले पोस्टकार्डही लपवतात, आणि ते हरवते. सिएटलच्या मुक्कामात त्यांनी घरामागे बाग लावलेली आहे. रुमाच्या आईला आवडणारे हायड्रेंजियाचे झाड त्यांनी तिच्यासाठी म्हणून तिथे लावले आहे, आणि नातवालाही एक छोटा वाफा करून दिला आहे. आजोबांचे पाहून आकाश त्या वाफ्यात आपली खेळणी पेरतो; हाती लागलेले ते कार्डही पेरतो. एकाच मातीत मृत पत्नीचे झाड आणि जिवंत मैत्रिणीचे पत्र.

वडील निघून गेल्यावर कार्ड रुमाच्या हाती लागते. मजकूर बंगालीत आहे आणि बंगाली तिला वाचता येत नाही. आईने शिकवायचा प्रयत्न केला होता, तो तडीस गेला नव्हता. अक्षरे परकी, पण कोणाचे कोणाला हे कळायला अक्षरांची गरज पडत नाही. वडिलांनी जे सांगितले नाही ते तिला एका क्षणात कळते. ती कार्डावरची माती झटकते, घरातून एक तिकीट आणून त्यावर चिकटवते, आणि ते पोस्टमनने घेऊन जावे म्हणून बाहेर ठेवते.